मिशीवाली आई

साने गुरुजींना आपण मातृहृदयी म्हणतो आणि ते ऐकून कोणाला नवल वाटत नाही. गुजराथेत याच्याही पुढची गोष्ट घडली. तेथे एका मिशाळ, वकिली केलेल्या, आफ्रिकेची वारी करून आलेल्या पुरुषाला लोकांनी सरळ आईच ठरवून टाकले. ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, असे त्यांना म्हणू लागले. त्यांचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. पण मुलांचे, मुलांच्या आईबापांचे आणि सगळ्या गुजराथचे ते गिजुभाई.

भगिनींनो, मी काही मोठी शिकलेली बाई नव्हे. सातवी झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच. परंतु मंडळाच्या वाचनालयामुळे चार पुस्तके हाती येतात, त्यांत गिजुभाईंची आली. वाचता वाचता वाटले की आपण सगळ्याजणी ज्या एका गोष्टीने रोज हैराण असतो, तिचा या माणसाने आयुष्यभर विचार केला. ती गोष्ट म्हणजे मुलांना शिस्त लावायची कशी. घरी दोन मुले असली तरी संध्याकाळपर्यंत आपला घसा बसतो. मग चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात मास्तरांनी काय करावे? छडी घ्यावी? डोळे वटारावे? की गप्प बसाल तर खाऊ देईन असे सांगावे? गिजुभाईंनी यातले काहीच केले नाही, आणि तरी त्यांची मुले शांत बसत. ते कसे, हे कळावे म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगते.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. बालपण वळा या गावी गेले, त्याला आता वल्लभीपूर म्हणतात. त्या काळची शाळा म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांकडून आपण ऐकलेच आहे. पाढा चुकला की हातावर छडी, बोलले की अंगठे धरून उभे राहायचे, पळून गेले तर चार दांडगी मुले पाठवून उचलून आणायचे. मार खाल्ल्यावाचून विद्या येत नाही यावर आईबापांचीही श्रद्धा. मास्तर मारतात म्हणून घरी येऊन सांगावे तर घरी आणखी एक धपाटा. गिजुभाईही अशाच काळात शिकले.

पुढे भावनगरास शिक्षण झाले, पण कॉलेज अर्धवट सोडून १९०७ साली ते पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेस गेले. तेव्हा सौराष्ट्रातील कितीतरी तरुण असे जात. तेथे एका वकिलाच्या कचेरीत काम केले. आपले काम आपल्या हाताने करावे, नोकराची वाट पाहू नये, ही सवय तेथे लागली. ती पुढे फार उपयोगी पडली, कारण बालमंदिरात ती त्यांनी चिमुकल्या मुलांनाही लावली. १९०९ साली परत आले, मुंबईस कायद्याचा अभ्यास केला आणि काठेवाडातील वढवाण कँपात वकिली सुरू केली. वकिली बरी चालली होती. चारचौघांसारखा संसार झाला असता, पैसा मिळाला असता, आणि आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते.

परंतु १९१३ साली त्यांना मुलगा झाला, नरेंद्र. मुलगा झाला की बापाला आनंद होतो, पेढे वाटले जातात, आणि मूल आईच्या हवाली होते. गिजुभाईंना मात्र काळजी लागली. या मुलाला वाढवायचे कसे? आपण ज्या शाळेत गेलो त्याच तऱ्हेच्या शाळेत हाही जाणार काय? मला या माणसाचे पहिले कौतुक वाटते ते इथेच. आपले मूल पाहून बापाला स्वतःची शाळा आठवावी आणि तिचा त्रास व्हावा, असे किती घरांत होते? बहुतेक बाप म्हणतात, आम्ही मार खाल्ला म्हणून माणसात आलो, आता तूही खा.

गिजुभाई चौकशी करू लागले. वसोचे दरबार गोपाळदास देसाई यांच्याशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी मोतीभाई अमीन यांना भेटा असे सांगितले. मोतीभाई म्हणजे बडोदे संस्थानात गावोगाव वाचनालये काढणारे गृहस्थ. सयाजीराव महाराजांच्या राज्यात ही वाचनालयांची चळवळ जोरात होती. मोतीभाईंनी त्यांच्या हाती इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसोरी यांच्या पद्धतीवरचे पुस्तक ठेवले. एका वाचनालयवाल्याने एका बापाला एक पुस्तक दिले, एवढीच ही गोष्ट. पण त्या एका पुस्तकाने वकीलसाहेबांची वकिली सुटली.

माँटेसोरीबाई मूळच्या डॉक्टर. रोम शहरात गरीब वस्तीतील मुलांसाठी १९०७ साली त्यांनी बालगृह काढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की लहान मूल मुळात दंगेखोर नसते, ते कामाचे भुकेले असते. त्याला त्याच्या हाताला झेपेल असे काम द्या, त्याच्या उंचीची फळी द्या, त्याला उचलेल अशी खुर्ची द्या, मग पाहा ते तासन्‌तास कसे रमते ते. काम नाही म्हणून ते खोडी काढते, आणि आपण खोडीला शिक्षा करतो. हे वाचून गिजुभाईंना आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले.

भावनगरास नानाभाई भट्ट यांनी १९१० साली दक्षिणामूर्ती नावाचे विद्यार्थी भवन काढले होते. १९१६ साली गिजुभाई वकिली सोडून त्या संस्थेत दाखल झाले. चालती वकिली सोडून मास्तरकी धरायची, तीही पदरी मूल असताना, म्हणजे घरात काय बोलणी झाली असतील याचा विचार माझ्यासारख्या गृहिणीच्या मनात येतोच. चरित्रे लिहिणारे लोक ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात. त्या घरातील बाईने पगाराचा आकडा ऐकून काय केले असेल, ते कोणी लिहीत नाही. गिजुभाईंच्या पत्नीचे नाव जडीबेन. त्यांनाही माझा नमस्कार.

तेथे प्रथम ते विनयमंदिराचे, म्हणजे हायस्कुलाचे, आचार्य झाले. चारएक वर्षे मोठ्या मुलांत काढल्यावर त्यांच्या ध्यानात आले की येथे येईपर्यंत फार उशीर झालेला असतो. भीती, खोटे बोलणे, दुसऱ्याची वही पाहणे, मास्तरांची पाठ वळली की दंगा, सगळे मुरलेले असते. लोणचे मुरल्यावर त्यातले मीठ कमी करता येत नाही, तसेच हे. म्हणून १९२० साली त्यांनी अगदी लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. अडीच-तीन वर्षांची मुले! त्या वयाच्या मुलांना शाळा कसली, असे लोक म्हणत. १९२२ साली भावनगरच्या तख्तेश्वराजवळील टेकडीवर बालमंदिराची स्वतःची इमारत झाली आणि तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधींच्या हस्ते झाले.

आता त्या बालमंदिरात काय चाले ते सांगते, कारण माझ्या मते चरित्राचा गाभा हाच आहे. मुले आली की आपापले हातपाय धूत, केस नीट करीत, जागा झाडीत, फुले रचून ठेवीत. कोणी मण्यांशी खेळे, कोणी दट्टे खाचेत बसवी, कोणी चित्र काढी, कोणी बागेत पाणी घाली. कोणी काय करावे हे मुलानेच ठरवायचे. बाईंनी मदतीला असायचे, पण मागितल्यावाचून हात लावायचा नाही. एकाने घेतलेले साधन दुसऱ्याला हवे असेल तर पहिल्याचे होईपर्यंत थांबायचे. हा एक नियम पाहा. यात शिस्तही आली, धीरही आला, दुसऱ्याचा मानही आला, आणि कोणाला रागवावे लागले नाही. खेळणी ठेवायची जागा ठरलेली, म्हणून घेतलेली वस्तू जागेवर जाई. आपण घरी ओरडतो, पसारा आवरा, पसारा आवरा. पण मुलाचा हात पोहोचेल अशी एक फळी किती घरांत असते?

सर्वांत मला आवडला तो शांतीचा खेळ. हा माँटेसोरीबाईंचा. सगळी मुले हातपाय आवरून बसतात. खोलीत थोडा अंधार करतात. मग घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागते, दूरवर कोणी बोललेले ऐकू येते, पाखराचा आवाज येतो, आपला श्वासही कळतो. मग बाई लांबून अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेतात आणि ज्याचे नाव येईल त्याने पावले न वाजविता उठून त्यांच्यापाशी जायचे. मुले यासाठी हट्ट धरीत म्हणे. आपण शांत बसा म्हणून दटावतो तेव्हा शांतता ही मुलाला शिक्षा वाटते. इथे तोच खेळ झाला.

पण गिजुभाई माँटेसोरीबाईंचे आंधळे भक्त नव्हते. परीकथा आणि राजाराणीच्या गोष्टी लहान मुलांना फार सांगू नयेत असे त्या बाईंचे मत होते. मुलाला आधी खरे जग कळावे, असे त्या म्हणत. गिजुभाईंना हे पटले नाही. ज्या देशात आजी आणि गोष्ट वेगळी करता येत नाही, तेथे गोष्टीवाचून बालमंदिर कसे चालेल? त्यांनी काठेवाडातील म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोष्टी, लोकगीते, उखाणे गोळा केले, मुलांच्या जिभेवर बसतील अशा रीतीने लिहिले, आणि गोष्ट सांगायची कशी यावर शिक्षकांसाठी एक मोठा ग्रंथही लिहिला. त्यांची लहानमोठी पुस्तके मोजली तर दोनशेच्या आसपास जातात. १९२९ साली त्यांना गुजराथी साहित्यातील मानाचे रणजितराम सुवर्णचंद्रक मिळाले. मुलांच्या चार पानी पुस्तकांना साहित्य म्हणावे की नाही, यावर विद्वान लोकांचे काय ते असो, चंद्रक मिळाले हे खरे.

याच सुमारास आपल्या मराठी मुलखातील एक बाई भावनगरास आल्या. त्या ताराबाई मोडक. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या, प्रार्थना समाजाच्या घरातील, १९१४ साली पदवीधर झालेल्या. अमरावतीला संसार केला, तो टिकला नाही. राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल झाल्या. अशी मानाची, पगाराची जागा सोडून पदरी लहान मुलगी घेऊन त्या १९२३ च्या सुमारास गिजुभाईंच्या बालमंदिरात शिक्षिका म्हणून दाखल झाल्या. गिजुभाईंना मुले कळत, ताराबाईंना शास्त्र कळे, आणि दोघांनी मिळून शिक्षण पत्रिका नावाचे मासिक चालविले, शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर चालविले, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. त्या पत्रिकेची पुढे मराठी आवृत्तीही निघाली. एकट्या बाईने परक्या गावी, परक्या भाषेत, त्या काळात हे केले. त्यांच्यावर वेगळा लेख व्हावा अशी माझी मंडळाला विनंती आहे.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक या सगळ्याचे सार आहे. ते १९३१-३२ च्या सुमाराचे. बालमंदिर म्हणजे निवडक मुले, निवडक जागा, तेथे काय कोणालाही जमेल, अशी टीका होत असे. म्हणून त्यांनी साध्या सरकारी प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग घेतला, आणि एका तरुण मास्तरांची गोष्ट लिहिली. हे मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडे जातात आणि एक वर्षासाठी एक वर्ग माझ्या हाती द्या असे मागतात. अधिकारी हसतो, पण देतो. अट एकच, नेमलेला अभ्यास झाला पाहिजे आणि परीक्षा झाली पाहिजे.

पहिल्या दिवशी मास्तर मोठ्या उमेदीने शांतीचा खेळ घेतात. खिडक्या लावून अंधार करतात. आणि काय होते? एक मुलगा तोंडाने आवाज काढतो, दुसरा टाळी वाजवितो, तिसरा पाय आपटतो, सगळा वर्ग खदखदा हसतो. मास्तरांचा चेहरा उतरतो. शेवटी ते मुलांना सुटीच देऊन टाकतात, आणि परवानगीवाचून सुटी दिली म्हणून हेडमास्तरांची बोलणी खातात. मला हे पान फार आवडले. जो माणूस बारा वर्षे मुलांत राहिला, त्याने आपल्या पुस्तकातील मास्तरांची पहिल्याच दिवशी अशी फजिती लिहिली. बालमंदिरात जो खेळ मुले हट्टाने मागत, तोच येथे फसला. कारण या मुलांना शाळेतील शांतता म्हणजे छडीची शांतता एवढेच ठाऊक होते. छडी नाही असे दिसताच वर्षांची कोंडलेली वाफ बाहेर आली. दूध उतू जाऊ लागले की आपण फुंकर मारतो, पण ती क्षणापुरती. खालचा जाळ कमी केल्यावाचून दूध बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर काही उपदेश करीत नाहीत. ते राजाची एक लांबलचक गोष्ट सुरू करतात. मुले सरकत सरकत जवळ येतात. घंटा होते, पण उठायला कोणी तयार नाही. गोष्ट उद्या पुढे, असे सांगितल्यावर उद्या कोणी गैरहजर राहत नाही. मग हळूच मास्तर म्हणतात, आधी हजेरी घेऊ, मग गोष्ट. हजेरी शांतपणे होते. बोलाल तर गोष्ट थांबेल, एवढे सांगितले की मुलेच एकमेकांना गप्प करतात. ज्या मुलांना हेडमास्तर आवरू शकत नव्हते त्यांना एका राजाने आवरले! पुढे तेच मास्तर मुलांनी पाठ्यपुस्तकांवर घालायचे पैसे एकत्र करून वर्गात गोष्टींच्या पुस्तकांचे वाचनालय करतात. खेळायला मैदानावर नेतात, तेथे पहिल्या दिवसांत मारामाऱ्या होतात, इतर मास्तर नाक मुरडतात, पालक तक्रार करतात. मुलांची वाढलेली नखे, मळक्या टोप्या, तुटलेली बटणे यांवरही ते छडी काढीत नाहीत, तर स्वच्छता हेच वर्गाचे काम करतात. नाटक करतात, नदीकाठी नेतात. वर्षअखेर मुलांची परीक्षा होते आणि अधिकारी थक्क होतो. गोष्टच ती, म्हणून शेवट गोड केला असे कोणी म्हणेल. म्हणोत. पुस्तकाचे नावच दिवास्वप्न ठेवून गिजुभाईंनी तो आक्षेप आपणहून घेऊन टाकला आहे.

आता एक नाजूक गोष्ट. गिजुभाईंना छडी नको होती हे सर्वांना पटते. निदान आज तरी पटायला हवे, कारण २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास आणि त्याच्या मनाला त्रास देण्यास बंदीच झाली आहे. पण त्यांना बक्षीसही नको होते. शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही त्यांच्या मते एकाच घरातली. शिक्षेने मूल भीतीसाठी काम करते आणि बक्षिसाने लोभासाठी, आणि दोन्हीत कामाची गोडी मरते. शिवाय एकाला बक्षीस म्हणजे बाकी एकोणपन्नास जणांना, तू कमी आहेस, असे सांगणे आलेच.

आपल्या मे महिन्याच्या संस्कारवर्गात यंदा चांगल्या वागणाऱ्या मुलांना बक्षिसे द्यायची की नाही, यावर किती वाद झाला ते सर्वांना आठवत असेल. दोन्ही बाजूंनी आवाज चढले होते. मी तेव्हा गप्प होते, आता लिहिते. पहिल्या आठवड्यात जिने चपला ओळीत लावल्या त्या मुलीला आपण चॉकलेट दिले. दुसऱ्या दिवशी सहा मुले चपला लावायला धावली आणि त्यांच्यात ढकलाढकली झाली. चौथ्या दिवशी चॉकलेटे संपली होती, आणि चपला पुन्हा जिन्यात पसरल्या होत्या. मग शेवटच्या आठवड्यात दाराशी खडूने पावलांच्या जोड्या काढल्या, तेव्हा लहानातले लहान पोरही आपली चपल त्या पावलावर नेऊन ठेवू लागले. कोणी सांगितले नाही, कोणाला काही मिळाले नाही. खडूची कल्पना आपल्यापैकीच एकीची, तिने गिजुभाईंचे नावही ऐकलेले नव्हते.

तरी मला गिजुभाईंचे सगळेच पटते असे नाही. बक्षीस नको हे समजले, पण शाबासकीही मोजून द्यावी असे काही जण त्यावरून म्हणतात, ते माझ्याने होणार नाही. पहिली पोळी गोल लाटणाऱ्या मुलीच्या पाठीवर हात फिरविल्यावाचून कोणत्या आईला राहवेल? आणि शहरातील एका वर्गात साठ मुले कोंबली असता, बाईंना जनगणनेची आणि निवडणुकीची कामे असता, प्रत्येक मुलाच्या मनाजोगते काम कोठून आणायचे हा प्रश्न आहेच. मी स्वतः ज्या शाळेत शिकले तेथे एक बाई मुलींना वेणीला धरून उभे करीत. नाव घेत नाही. पण त्यांच्याही वर्गात तेव्हा तीन इयत्ता एकत्र होत्या, आणि त्यांना कोणी गोष्ट सांगायला शिकविले नव्हते, हे आज ध्यानात येते.

बालमंदिरावर दुसरा आक्षेप खर्चाचा होता. परदेशी साधने महाग. बालमंदिरात येत ती बहुतेक भावनगरातील बऱ्या स्थितीतील घरांची मुले. गांधीजींना ही पद्धत आवडे, पण ती खेड्यातील गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचावी असे त्यांना वाटे. ही रुखरुख गिजुभाई-ताराबाईंनाही लागली. त्यांच्या हयातीत हे काम जेमतेम सुरू झाले.

१९३० च्या सत्याग्रहाच्या दिवसांत गिजुभाईंनी मुलांच्या वानरसेना उभ्या केल्या, प्रौढांना अक्षरे शिकविण्याची मोहीम काढली. १९३६ साली ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. वीस वर्षांची संस्था सोडणे सोपे नसते. पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गावोगाव फिरत, पालकांशी बोलत, राजकोटला त्यांनी पुन्हा अध्यापन मंदिर काढले. शरीर मात्र थकले होते. पक्षाघाताचा आजार झाला, आणि २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. आजही त्या वयात आपण माणसाला म्हातारा म्हणत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसोरीबाई पहिल्यांदा हिंदुस्थानात आल्या. मद्रासेस अड्यारला त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. मग युद्धामुळे त्या येथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत राहिल्या. ज्यांच्या एका पुस्तकाने गिजुभाईंचे आयुष्य फिरले त्या बाई या भूमीवर उतरल्या, तेव्हा गिजुभाईंना जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते. दोघांची भेट झालीच नाही. हे वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले.

ताराबाई मात्र काम घेऊन आपल्या मुलखात आल्या होत्या. १९३६ साली मुंबईस दादरला त्यांनी शिशुविहार काढले. आणि १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून खेड्यातील मुलांना हात घातला. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी निघाली. महागडी साधने नकोत म्हणून शिंपले, बिया, पाने, काटक्या, मातीची भांडी हीच साधने झाली. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नाही म्हणून कुरणातच शाळा भरविली. भावनगरच्या टेकडीवर जे सुरू झाले ते कोसबाडच्या टेकडीवर असे उतरले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, १९७३ साली त्या गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या. आज अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर देशभर चालतो, पण तो या बायकांच्या घरचा आहे हे अंगणवाडीत मूल सोडायला जाणाऱ्या कितीजणींना ठाऊक असेल?

‘दिवास्वप्न’ मराठीतही मिळते. लहानसे पुस्तक आहे, दोन दुपारी पुरतात, आणि मला वाचता आले म्हणजे कोणालाही येईल. मंडळाच्या वाचनालयात त्याची एक प्रत कपाटाच्या दुसऱ्या फळीवर असते. सध्या ती तेथे नाही. ज्या भगिनीने नेली असेल तिने सावकाश वाचावी, पण वाचून झाल्यावर कृपा करून परत आणून द्यावी, कारण नावे लिहून ठेवलेल्या चौघीजणी वाट पाहत आहेत.